पश्चात्तापातही मीच!

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. मी चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही — मग मी चांगला माणूस झालो का? अहो, माना काय डोलावताय! प्रश्न पुरता मुरू तरी द्या!

रशियात कथा लिहिणाऱ्यांनी एक माणूस फार पिंजून काढलाय. चार बुकं शिकलेला, गावाची नीती जुनी झाली म्हणणारा, 'मी माझा' म्हणणारा! त्या वळणाची एक गोष्ट मी रचून आणलीय. काय म्हणालात काका? कीर्तन सोडून बुवा रशियात कुठं निघाले? अहो, बसल्या जागी जायचंय, स्वेटरसुद्धा नको!

तर ऐका. नदीकाठचं एक खेडं. हिवाळ्यात नदी गोठते — पार दगड! माणसं, घोडे, सगळे तिच्यावरूनच. पण थंडी सरत आली की बर्फ कुठं कुठं पातळ होतो, आणि वरून कळत नाही हो! म्हणून गावची रीत — ज्याला पातळ जागा सापडली, त्यानं तिथं झाडाची फांदी रोवायची. मागून येणारा समजतो. कायदा नाही, शिपाई नाही. रीत!

या गावचा येगोर शहरातून शिकून परत येत होता. नदीच्या मध्यावर पायाखाली कर्रकन वाजलं! उडी मारून सुटला. फांद्या काठावर, पन्नास पावलांवर. जायचं? फांदी आणायची? छे! 'मी माझी वाट काढली. डोळे ज्याला त्याला आहेत. रीत भित्र्यांसाठी!' — आणि गेला की घरी, चहा प्यायला!

अर्ध्या तासात टपालवाला तिखोन तिथंच बुडाला. लोकांनी दोर टाकून ओढला. जीव वाचला, पण गारठलेला उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला.

गाव म्हणालं, 'नशीब!' तिखोन म्हणाला, 'माझंच चुकलं, बघून चालायला हवं होतं.' येगोरला कोण विचारणार? कुणाला ठाऊकच नव्हतं!

आणि इथंच हा शहाणा अडकला. कायदा म्हणतो, तू निर्दोष. त्याची बुकं म्हणतात, तू निर्दोष. मग घास का उतरेना? आठ दिवस नुसत्या येरझाऱ्या! नवव्या दिवशी सकाळी तो तिखोनच्या दारात गेला आणि त्यानं गुडघेच टेकले.

"मला शिव्या द्या! मला ती जागा माहीत होती. मी नीच आहे! माझ्या जिवाला शांती नाही. मी कसा जगू? मला क्षमा करा, नाहीतर मी —"

तिखोननं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची बायको फ्योकला चुलीशी उभी. आधी पांढरीफटक पडली. मग कडाडली —

"झालं तुझं? तेव्हाही 'मी', आताही 'मी'! माझी वाट, माझा जीव, माझी शांती! अरे मेल्या, नवरा माझा लंगडा झाला, आणि समजूत तुझी काढू? क्षमेचं सुचेल तेव्हा बघू. घरात पाण्याचा थेंब नाही. ती बादली उचल!"

त्याला मोठ्यानं रडायचं होतं हो! बाईनं तेवढीही सवड दिली नाही. उठला. पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग लाकडं फोडली. मग टपालाची पिशवी खांद्याला अडकवली. तिखोन त्याच्याशी बोलला तो थेट उन्हाळ्यात — आणि काय बोलला? "पलीकडच्या वस्तीची चिठ्ठी राहिली का रे?" बस्स! क्षमा हा शब्द त्या घरात कुणी काढला नाही. येगोरनंही पुन्हा मागितली नाही.

झालं! आता डोळे पुसताय! दरवर्षी पुसता. वर मलाच सांगता, 'बुवा, आज फार हलकं वाटलं!' अरे, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी घसा फोडतोय का? देवळाच्या पायरीशी गटाराचं झाकण फुटून पंधरा दिवस झाले. तुम्ही सगळे ते ओलांडून आत आलात. तुम्हीही, देवस्थानाचे अध्यक्ष! आणि मी? मीही धोतर सावरून ओलांडूनच आलो!

आरती थांबेल, देव कुठं पळत नाही. आधी एक जाड फळी शोधा. उठा!