चेअरमनसाहेबांनी वाखाणलेला रस्सा

रस्सा झकास व्हायला काय लागतं, सांगू का बे? आमच्या घरी पाहुणा वाढला की रश्श्यात तांब्याभर पाणी वाढतं, ही आईपासूनची रीत. दुष्काळात गावाला पाणी आमच्या दूध सोसायटीचा टँकर द्यायचा. एका दुपारी सोसायटीचे चेअरमन चार माणसं घेऊन अचानक जेवायला आले. मी तिथंच नोकरीला, म्हणून लई घाबरलतो. पण पहिल्याच घासाला साहेब खूश!

"वहिनी, असं काय घातलं हो रश्श्यात?"

बायको म्हणाली, "कायबी न्हाई. पाणी घालणार होते, पर तुमचा टँकर आठ दिस झाले आलाच न्हाई."

मला जोराचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर दारात हजर. तवापासून आमचा रस्सा परत पातळ हाय.