ओसाकात दादा काय खाये

ओसाकाले जातं तर पापड-लोणचं ने ना, मी कुठं नको म्हणतो — आमीही नेलं होतं, वहिनीनं डबे बांधून दिले होते — पण ते पुरन किती? बस पहिले, इश्वर, उभ्या उभ्या नाही सांगता येत हे. माग कसा जोडाचा, लोकायपुढं कसं बसाचं, हे तुले हातमागवाले साहेब सांगतीन. खाचं कुठं हे कोणी सांगत नाही. आमाले तरी कोणी सांगितलं? एकोणऐंशी साल — तिथल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं दादाले, मले नाही. मोहाडीत कोशाची करवतकाठी साडी पाहाची तर मधुकररावच्या, म्हणजे दादाच्याच हातची, हे तुह्या बापालेही माहीत होतं. मी लहाना भाऊ, धाग्याच्या कांड्या भराले संगं गेलो. ओसाका म्हणजे केवढं शहर — नागपूरले आपण मोठं म्हणतो ना? जाऊ दे. एका मोठ्या दुकानात, पार वरच्या मजल्यावर आमचा माग लावला होता, दादा दिवसभर विणे अन् तिथल्या बाया तोंडावर हात ठेवून पाहत राहात. झोपाची सोय चांगली होती, पण त्याच हॉटेलात जेवाचं म्हटलं तर एका ताटात दिवसाचा भत्ता जाये. अन् दादा तर काही खायेच नाही. दोन घास घेतले का ताट सरकवे. म्हणे, वास येते रे घनश्याम. मी म्हटलं, बराबर हाये, परका मुलूख. मीच पाहतो काहीतरी.

मग संध्याकाळी माग झाकला का मी दादाले घेऊन निघे. सापडलं कसं सांगू? तिथं दुकानाच्या काचेत ताटं मांडून ठेवतात — भात, शेवया, तळलेलं, सगळं — पहिल्या दिवशी दादा म्हणे, हे शिळं कायले मांडलं? मेणाचं होतं ते. मालकाले हाताले धरून बाहेर आणाचं, काचेवर बोट ठेवाचं, झालं — भाषा लागतच नाही. पण जिथं काच चमकते तिथं जाऊ नको. रेल्वेच्या पुलाखाली जाचं, जिथं काचेवर धूळ असन, मेणाचा भात पिवळा पडला असन, तिथं स्वस्त. एका दुकानात तर बसाले जागाच नव्हती, लोक उभ्यानं कटोरा तोंडाले लावून बोटाएवढ्या जाड शेवया ओढत, सुर्र सुर्र आवाज करत, कोणी कोणाले हसत नाही — वरून गाडी गेली का कटोऱ्यातला रस्सा हाले. वरून कांद्याची पात कापून टाकलेली. मले वाटलं, बाप्पा, हे आपल्या मोहाडीत काहून नाही? दादानं थोडा रस्सा घेतला, शेवया मले दिल्या. म्हणे, मासोळीचा वास हाये. आता पाह्य — आपण तलावाकाठची माणसं, घरी दादा मासोळीचं डोकंही सोडे नाही. पण मी म्हटलं, ही समुद्राची मासोळी, वास वेगळा असन. मी दुसरं शोधलं.

दुसरं म्हणजे कॉफीचं. गल्लीत लहानसं दुकान, काळं लाकडी दार, आत फाटके सोफे, एक म्हातारा पेपर वाचत बसलेला — अन् सकाळी कॉफी मागितली का तिच्यासंगं जाड टोस्ट अन् उकडलेलं अंडं देत, त्याचे वेगळे पैसे नाही. मले वाटलं चुकून दिलं, मी परत कराले गेलो तर तो म्हातारा हात हलवून नाही-नाही म्हणे. दादा टोस्ट कॉफीत बुडवून बुडवून खाये, लय वेळ लावे, अन् अंडं माझ्याकडं सरकवे — तू खाय, तू फिरतं लय. मी खात होतो. भूक लागे मले. मजा येत होती बाबा, खोटं कायले बोलू? बाप गेल्यावर दादानंच मले वाढवलं, पण मागावरचं सोडून आमी दोघं कधी संगं बसलो नव्हतो, बोललो नव्हतो. तिथं रोज संध्याकाळी दोघं भाऊ नव्या गल्लीत. मी म्हणे, दादा, आज त्या बाजूनं जाऊ. तो म्हणे, चाल. कधी नाही म्हटलं नाही त्यानं. मधातच एखाद्या खांबाले टेकून उभा राहे, म्हणे, पाट्या पाहून राहिलो. वाचता येत नव्हतं त्याले त्यातलं काही.

शेवटचं दुकान मात्र मी नाही शोधलं, दादानं शोधलं. तिथं दुकान उघडं असलं का दारात पडदा टांगतात. एका दारावर निळा पडदा होता, हातमागाचा, सुती, धुऊन धुऊन विटलेला. दादा थांबला, पडद्याची किनार बोटात धरून उलटी-सुलटी करून पाहाले लागला. आतून बाई आली. साठीची असन, बारीक, कमरेले फडकं. सगळे तिले ओबासान म्हणत, आपण मावशी म्हणतो तसं. रागावली नाही, आत बसवलं. आत म्हणजे काय — एक लांब फळी, पाच-सहा स्टुलं, फळीच्या पलीकडं ती अन् तिची शेगडी. ती रांधते ते तुले दिसते, तू जेवतं ते तिले दिसते. भाजलेली मासोळी दिली, भात दिला, मुळ्याचं पिवळं लोणचं. मी सगळं खाल्लं. दादा एकच घास तोंडात घोळवत बसला. ती पाहत होती. मग तिनं दादापुढचं ताट उचललं — मले वाटलं वाईट वाटलं तिले — अन् थोड्या वेळानं मातीचं भांडं आणून ठेवलं. काय असन सांग? पेज. तांदळाची पेज, आपली असते तशी, गुरगुटी, मीठ घातलेली, वरून खारवलेलं एक आंबट फळ. दादानं हळूहळू सगळी पेली. पहिल्यांदा त्याच्यापुढचं भांडं रिकामं झालं. मी त्या बाईले हात जोडले. तिनं आपला हात आपल्या गळ्यावर ठेवला, दादाकडं दाखवलं, अन् माझ्याकडं पाहत राहिली. मले वाटलं विचारून राहिली, बरं लागलं का. मी मान हलवली — हो, हो, लय चांगलं. हसलो मी. ती नाही हसली.

मग रोज तिथंच. आमी गेलो का ती न विचारता पेज चढवे. मले वाटलं, चला, भावाचं पोट भराले लागलं. अन् एक दिवस दादा मागावरच वाकला. हातातला धोटा खाली पडला, पाहणाऱ्या बायायले वाटलं तुटलेला धागा शोधून राहिला. दवाखान्यात प्रदर्शनवाल्यायची एक बाई होती, हिंदी बोलणारी. डॉक्टर लय वेळ बोलले, तिनं मले काही सांगितलं नाही, पहिले दादाले विचारलं. दादा म्हणे, सांगा आता. गळ्यात गाठ होती. आजची नाही. निघाच्या आधीच नागपूरच्या डॉक्टरानं त्याले सांगितलं होतं, का आता यावर काही होत नाही. कोणालेच बोलला नाही तो. वहिनीलेही नाही. मी म्हटलं, दादा, मग एवढी दुकानं मी कोणासाठी शोधली? तर तो म्हणे, "मी नसतो आलो तर तुले कोणी आणलं असतं?" बस. एवढंच.

होळीच्या आधी गेला, इथंच, आतल्या खोलीत. रडणं-भेटणं झालं, पाहुणे गेले, मग वहिनीनं मले एकच विचारलं — तिथं काय खात होते ते? मले वाटलं ऐकून तिले बरं वाटन. सगळं सांगितलं, शेवया, टोस्ट, ते निळ्या पडद्याचं दुकान, पेज. ती ऐकत राहिली. मग म्हणे, "पेज तर मीही करून दिली असती."    

तहसीलीसमोर मीही टाकून पाहिलं होतं तसं दुकान — लांब फळी, स्टुलं, पलीकडं वहिनी रांधत. तिले म्हटलं, सकाळी पेज, दुपारी भात-मासोळी. लोक म्हणत, बाई रांधते तिच्या तोंडापुढं कायले बसाचं, टेबल नाही काय? एक पावसाळाही निघाला नाही, बंद पडलं. अन् विणकामाचं म्हणशील तर दादाचा हात माझ्यात नाही. तो करवती काठ मले येतच नाही, मी पंचे विणतो. यंदा ओसाकाले जाचा मीही अर्ज केला होता. हो, मीच — तुले नाही सांगितलं कोणी? साहेबायनं माझं काम पाहिलं अन् तुहं नाव लिहिलं. बराबर केलं, तुहा हात चांगला हाये. मले विणाले जाचंच नव्हतं. मले नुसतं तिथल्या त्या स्टुलावर... राहू दे.

त्या बाईच्या दुकानाचा पत्ता कायले विचारतं? आठवते मले, बोट धरून नेल्यासारखं आठवते, पण नाही सांगत. ती बाई तेव्हाच म्हातारी होती, आजूबाजूले उंच उंच बिल्डिंगा उठत होत्या. पडदा नसन आता. अन् असला, तर तू मासोळी-भात खाऊन येशील अन् माझ्यापुढं बसून म्हणशील, काका, ते दुकान हाये, ती बाई हाये — मले ते ऐकाचं नाही. तू आपलं शोध. दुकानायले काय कमी हाये तिथं. — थांब. कवाड वाजलं. बाजारातून आली वाटते. तिच्यापुढं यातलं काही काढू नको, मी हे असं कोणाजवळ बोलत नाही. — काही नाही वहिनी, आपल्या धनीरामचा इश्वर. निघालाच हाये तो. — जाय बाबा. ऊठ, जाय.