तव्याची काजळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कर्तेधर्ते हेमकांतआबा, नवापूरहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती नवनीत सर, सौ. कौसाताई, माझे सहकारी प्राध्यापक आणि समोर बसलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला सरांविषयी गोड बोलायला उभं केलंय. बोलतो. पण आज तोंडाला चव नाही. का, ते ओघात येईलच.

नवनीत सरांनी इंग्रजी शिकवलं, असं सगळे म्हणतात. मी रनाळ्याचा ललित, त्यांचा जुना विद्यार्थी. मला त्यांनी सिनेमा बघायला शिकवलं. शनिवारी वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून ते अमेरिकेतले जुने सिनेमे दाखवायचे. आम्ही हाणामारीच्या आशेनं जायचो. सर एकच विचारायचे, "यात काळा माणूस कुठाय?" कुठे असणार? ट्रे घेऊन दाराशी, नाहीतर मालकाची लेकरं सांभाळत. जरा मोठी भूमिका असली की गोरा नट बाटलीची बुचं जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचा आणि डोळे फिरवून नाचायचा. आमच्यातलं कुणी हसलं की सर त्याच्याकडे नुसते बघत राहायचे.

मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या अभिनेत्रीला त्या समारंभात भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. आणि काही काळ्या दिग्दर्शकांनी हट्टानं स्वतःचे सिनेमे काढले, रिळांचे डबे घेऊन गावोगाव हिंडले, आपल्या माणसांना पडद्यावर डॉक्टर केलं, प्रियकर केलं, हेही. ते सांगताना सरांचा आवाज चढायचा. कौसाताई हसतायत, म्हणजे घरीही चढत असणार.

आता तोंडाची चव का गेली ते. माझ्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत 'सातपुड्याचं नृत्य' आहे, म्हणजे डोंगरातल्या आदिवासींचा नाच. मघाशी मी रंगमंचामागे गेलो. आपल्या सपाटीवरच्या गावांतल्या पोरी ओळीनं बसल्या होत्या आणि सांस्कृतिक समितीचे लोटनअण्णा तव्याची काजळी तेलात खलून त्यांच्या तोंडाला लावत होते. डोक्यात पिसं खोचलेली. मला ओकारी आली. अलंकारिक बोलत नाही, आबा, खरंच आली.

हा नाच बसवला कुणी? धडगावकडच्या डोंगरातल्या ममता पावरानं, आपल्याच दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं. गाणंही तिच्या घरचं. आणि ती कुठे होती? पडद्यामागे, माईकपाशी. ती आतून गाणार आणि पुढे दुसरी कुणी ओठ हलवणार! मी अण्णांना विचारलं, हे काय? तर म्हणाले, "सर, ती गास चांगली, पन स्टेजवर आमन्या पोरी चांगल्या दिसतस."

चांगल्या! काजळी फासून! आणि जिचा नाच, ती पाहुण्यांना दाखवण्याजोगी नाही? शी! माझ्याच माणसांची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

सर, तुम्ही बस म्हणून खूण करताय, दिसतंय मला. एवढं सांगतो आणि बसतो.

मी ममताला म्हटलं, "तू पुढे ये. नाच तुझा आहे." तिनं अण्णांच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, मलापण लावावं लागेल का?"

अमेरिकेत काळ्या नटांनासुद्धा रंगमंचावर यायचं तर स्वतःच्या तोंडावर काजळी फासावी लागायची. प्रेक्षकांना त्यांचा स्वतःचा रंग पुरत नसे. सरांनी हे सांगितलं तेव्हा आमचा विश्वास बसला नव्हता. आज त्या प्रेक्षकांचे चेहरे मला इथून ओळीओळीनं दिसतायत.

सर, पुढच्या आयुष्यासाठी मनापासून शुभेच्छा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सरांनी पोटात घालावं. बाकीच्यांनी नाही घातलं तरी माझी तक्रार नाही.

ममताला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती पडद्यामागे थांबलीय. आबा, अध्यक्ष तुम्ही आहात. हा माईक घ्या, आणि तिला ऐकू जाईल असं सांगा.