मॅगपाय आणि सासूबाई

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला लसीच्या रांगेत दोघी मैत्रिणी दीड मीटरवरून मोठमोठ्यानं बोलत होत्या.

"विमानं बंद, त्यामुळे सासूबाई इथंच अडकल्या. आता आमची भाजीची बाग त्याच बघतात."

"पण ते काळेपांढरे मॅगपाय पक्षी स्ट्रॉबेरी खातात ना गं?"

"म्हणून तर फळ धरल्यावर आईंनी त्या वाफ्यावर मच्छरदाणी टाकली. बाकी बाग पाखरांना मोकळी."

"शेजारचे डच आजोबा काही म्हणाले नाहीत?"

"ते टाळ्या वाजवून पाखरं हाकलायचे. मग हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाऊन त्यांचा कोबी वाळवला. आईंनी दोन्हीकडे कुदळ मारून दाखवली. त्यांच्या मातीत अळ्याच अळ्या, आमच्यात शोधून दोन. बाकीच्या अळ्या पाखरांनी वेचल्या होत्या!"

"मग?"

"मग आजोबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आईंसाठी. पाखरं उडाली, आणि आई लाजल्या!"