मेहरूणच्या काठावरचं खोटं

अक्का, आणि आबांवर माया करणाऱ्या, इथे जमलेल्या बठ्ठ्या मंडळींनो,

मी आबांचा माईकवाला. तीस वर्षं माईकवर नुसतं ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आलो. पुढचं आबा बोलायचे. आज आबांच्या शोकसभेत पुढचंही मलाच बोलायचंय. सांभाळून घ्या.

आमदार म्हणून आबांनी सभागृह गाजवलं म्हणतात. ते मी पाहिलं नाही. मी पाहिले ते मेहरूण तलावावरचे आबा. प्रत्येक सभेआधी पहाटे भाषणाच्या सरावाला तलावाच्या अरुंद टोकाला ते अलीकडच्या काठावर उभे राहायचे, मला पलीकडे पाठवायचे. पाण्यावर धुकं. माणूस धूसर, नुसता आवाज तरंगत यायचा. सातपुड्यातल्या पाड्यांचा रस्ता, कापसाचा भाव. ऐकता ऐकता मला वाटायचं, मी जागा आहे की झोपेत? शब्द कळला की मी रुमाल हलवायचा.

“आवाज गाढवलेबी शे रे,” ते म्हणायचे, “शब्द पोचाले पायजे.”

गेल्या साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली. तरी काठी टेकत तलावावर आले. मला पलीकडे पाठवलं. आवाज आला. शब्द एकही कळला नाही. आणि मी रुमाल हलवला. मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

माझ्यावर भरवसा ठेवून आबा सोनगीरच्या सभेत उभे राहिले. मी आवाज वाढवत गेलो, शब्द काही उमटेनात. मागे कुणीतरी हसलं. आबांनी ते ऐकलं. ते खाली बसले, ते कायमचे.

परतताना गाडी धुळ्यापर्यंत आली. मग म्हणाले, “रुमाल कसाले हालवा रे भाऊ?” पारोळा गेलं, एरंडोल गेलं. घराशी उतरताना म्हणाले, “आते तू बोल. मी आयकस.”

त्यानंतर रोज पहाटे आम्ही एकाच काठावर बसलो. मी माझ्या पोरींचं सांगायचो, असोद्याच्या केळीचं सांगायचो. अख्ख्या खान्देशानं ज्यांना ऐकलं, ते डोळे मिटून मला ऐकायचे. माफी रोज ओठांवर यायची, आणि मी केळीवरच बोलत राहायचो.

आबा, मी खोटं बोललो. दयेपोटी बोललो, पण तुमची शेवटची सभा मीच घालवली. तुमचं हसं चारचौघांत झालं, म्हणून माफीही चारचौघांत मागतोय.

आता सगळे उभे राहू या. सोनगीरला हसलेला माणूस इथे असेल, तर त्यानं माझ्या शेजारी येऊन उभं राहावं. त्याच्यावर माझा राग नाही. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

आबा, रामराम.