मठाला वाहिलेलं

— पाणी तर घ्या महाराज. मौन असलं म्हणून काय झालं, पाण्याले थोडंच बोला लागते? पण पोरगा घरी नाही. मागच्या बाजारीच मामासंगं धाडला, देऊळगाव राजाले. तुम्ही एवढे मठाचे महंत, आमच्या दारात आले, अन् खेप वाया गेली. काय करू? नवस तर सासूबाईनं बोलला. मी बाजेवर बेशुद्ध पडलेली. आधीची दोन गेली होती, हा निळा पडला, तर त्या म्हणाल्या, जगला तर मठाले वाहीन. जगला. महाराष्ट्र झाला त्या सालचा हाय, यंदा शाळेत नाव घातलं त्याचं.

तुम्हीबी असेच वाहिलेले ना? वडनेर भोलजीचे. सासूबाई लय कौतुकानं सांगतात — एवढुसे आले, ओसरी झाडली, गुरूचे पाय चेपले, गुरू गेले अन् गादी तुमच्याकडे आली. दुष्काळात मठाचं धान्य गावाले वाटून टाकलं. अन् माय मेल्याचा सांगावा आला तवा आरती चालू होती, तर महाराजांचा घंटेवरचा हात थांबला नाही. हे ऐकून बाया हात जोडतात. मले त्या दिवशी घास गेला नाही. तुमच्या मायनं, मनकर्णाबाईनं, कडेवर घेऊन फिरवलं असंन तुम्हाले — अन् हात थांबला नाही? रागावू नका. तुम्ही वाईट नाही, त्याचंच तर भेव हाय. वाईट असते तर तो पळून आला असता माह्याकडे. तुमच्याजवळ तो रमून जाईन. नुसता भाकरीचा पापुद्रा काढून द्या लागते त्याले. आज सकाळीच फाटला, तर किती रुसून —

असे काऊन पाहून राह्यले?

हाव. घरातच हाय. कणगीमागं बसवला, आवाज करू नको म्हटलं. कसा गुपचूप बसला पहा. मठातबी असंच बसा लागते ना? शिकला मंग.

सासूबाई, थांबा, तुम्ही नका आणू. — काय महाराज? मान काऊन हलवता? मायनंच ओटीत टाका लागते? आजीच्या हातचा नाही चालत? अन् मी नाहीच टाकला तर? ... तेबी सांगितलं सासूबाईनं. पोटात दुसरं हाय माह्या. नवस नाही फेडला तर त्याच्यावर येईन म्हणतात.

बरं. आणते. त्याचं तोंड धुऊन आणते. तुम्ही बाहेर बसा महाराज, अंगणात. इकडं पाहू नका. जा.