गरम जेवण, बसून

…आणि वर सल्ला द्यायचा, बाईनं स्वतःकडे लक्ष दिलं पाहिजे म्हणून! कोण म्हणतं हो हे? ज्यांच्या लेकराच्या तोंडात घास जातो, ते म्हणतात. आमच्याकडे घास जात नाही, घास फिरतो. वरणभाताची वाटी घेऊन मी निघते ती हॉलमधून गॅलरी, गॅलरीतून जिना, जिन्यातून खाली, ते बघ भूभू, ती बघ गॅसची गाडी, तो बघ काकांचा टकला… आणि गिजू सगळं बघते, टकलासुद्धा बघते, फक्त तोंड उघडत नाही. शेवटी ते गार गोळे कोण खातं? मी. जिन्यात. उभ्यानं. तुम्हाला सांगते, ही पोरगी झाल्यापासून माझं जेवण ते हेच. डी.एड. झालंय माझं, बालमानसशास्त्रात वर्गात पहिली होते, आता त्या पेपरावर कुणी वरणभात सांडला तर बरं होईल. मला दागिना नको, साडी नको. मागून मागून मागणार काय मी? गरम जेवण, बसून. बास.

तर ही दीपमाला. डी.एड.ची मैत्रीण, माजलगावला शाळेवर आहे, आणि शाळेवर असल्यामुळे घरीदारी सगळ्यांना पाचवीतलीच समजते. तिचा फोन आला की बीडमध्ये मेक्सिकन हॉटेल निघालंय, जालना रोडला, तू, मी आणि मंगल, दुपारचं जेवायला जायचं, नाही म्हणायचं नाही. मंगल म्हणजे आमची तिसरी, पालीची, ती कशालाच नाही म्हणत नाही. आणि मी? मी आधी विचारलं, तिथं लहान मुलांची खुर्ची असते का, तिखट कितपत असतं, हॉस्पिटल जवळ कुठलंय. दीपमाला म्हणाली, आपण जेवायला चाललोय, ऑपरेशनला नाही.

गिजूला घरी ठेवायचं ठरलं होतं. आमचे हे, युवराज, स्वतःहून म्हणाले होते, जा तू, मी बघतो तिला. ऐन वेळी त्यांना कारखान्यातून बोलावणं आलं, आणि मी बघतोचं मी बघते झालं. सासूबाई गावाकडून, कड्याहून आलेल्या, पण त्यांचे गुडघे धरलेले, त्यांना हिच्यामागं पळवायचं कसं? म्हणजे गिजू माझ्यासोबत, गिजूची पिशवी माझ्यासोबत, पिशवीत थर्मास, डबा, तीन फ्रॉक, तापाचं औषध. सकाळपासून मी फक्त चहावर होते. मुद्दाम. पोटात जागा ठेवून गेलते. निघताना देव्हाऱ्यातल्या गणपतीला हात जोडले आणि म्हटलं, देवा, आज तेवढं गरम जेवण, बसून. एवढंच म्हटलं, कारण गिजूनं तोवर एक चप्पल बादलीत टाकली होती. घाईत माणूस आणखी काय मागणार?

हॉटेल छान हो, खोटं कशाला बोलू. भिंतीवर सुपाएवढ्या टोप्या टांगलेल्या, आणि कुंड्यांमध्ये निवडुंग. निवडुंग! आमच्या मामाच्या बांधावरचा खोदून खोदून हात सोलले लोकांचे, आणि इथं त्याला पांढरे खडे घालून, खाली दिवा लावून बसवलेलं. वाढपी बिभीषणभाऊ, भरघोस मिशा, डोक्यावर तसलीच टोपी, टोपीला गोंडे, आणि चेहरा असा की ही टोपी मला मालकानं घालायला लावलीय हे तुम्ही समजून घ्या. मंगलनं मेनूकार्ड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, भाऊ, तुमाला जे नीट बनवता येतंय ते आणा.

आणलं त्यांनी! काय सांगू तुम्हाला… मक्याच्या कडक पुऱ्या दुमडून उभ्या केलेल्या, त्यात घेवडा, त्यावर चीज, त्यावर कांदा-टोमॅटो, आणि एका लोखंडी तव्यावर भाज्या चरचरत, धूर काढत, थेट माझ्यासमोर. वाफ माझ्या चष्म्यावर आली. चष्म्यावर वाफ येणारं जेवण मी कधी बघितलं होतं शेवटचं? गिजू शेजारच्या उंच खुर्चीत, पट्ट्यानं बांधलेली, तोंड कुलूप लावल्यासारखं मिटलेलं. मी डब्यातला एक घास तिच्यापुढं धरला, तिनं तो माझ्या पदरावर ठेवला. राहू दे म्हटलं. आज राहू दे. आज मी दुष्ट आई. मी ती पुरी उचलली, तोंड उघडलं…

आणि फोन वाजला.

सासूबाई. "तेजू, साबुदाना भिजू घातलाय. भगर बी करू का? सकाळपस्नं उपाशी हायस, तिथं काय भेटतंय का न्हाई उपासाचं?"

संकष्टी! आज संकष्टी होती!

आणि ही संकष्टी साधी नाही हो. राजुरीच्या गणपतीसमोर उभं राहून मीच बोललेली, गिजू स्वतःच्या हातानं, पोटभर, एकदा जेवेपर्यंत मी प्रत्येक संकष्टी धरीन. नवस माझा, लेकरू माझं, आणि विसरले कोण? मी. लक्षात कुणी ठेवलं? जिला मी निघताना नीट सांगूनही आले नव्हते की कुठं चाललेय, ती सासू तिकडं गुडघे चोळत माझ्यासाठी साबुदाणा भिजवतेय. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

फोन ठेवला. पुरी हातात. घेवडा खाली गळतोय.

मंगल म्हणाली, खा गं, देवाला कळतं. कळतं ना, म्हणूनच भीती! उद्या हिनं दूधही सोडलं तर मी काय सांगू, मेक्सिकन होतं म्हणून? दीपमालानं लगेच वर्ग घ्यायला सुरुवात केली. बटाटा उपवासाला चालतो? चालतो. रताळं? शेंगदाणा? मिरची? हे सगळं कुठून आलं? मेक्सिकोच्याच बाजूनं, समुद्रापलीकडून. साबुदाण्याचा कंदसुद्धा तिकडचाच. म्हणजे आपला उपवास मुळात त्यांच्याच जेवणावर चाललाय, तू खा निवांत. आणि तुम्हाला सांगते, मला पटलं! क्षणभर अगदी पटलं! मग पुरीतून कांदा खाली पडला. कांद्याचं काय करायचं, ते दीपमालाच्या पुस्तकात नव्हतं. बिभीषणभाऊंना विचारलं, उपवासाचं काही? ते विचार करून म्हणाले, बर्फ हाय.

मी पुरी ताटात ठेवली. ठेवली हो. मागितलं काय होतं मी? गरम जेवण, बसून. बसले होते, गरमही होतं, नाकाला वास लागत होता, आणि डोळ्यांत जे पाणी आलं ते मी तव्याच्या धुरावर ढकललं.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला.

बारका. चिकट. आला, माझ्या ताटातली पुरी उचलली आणि गेला. कर्रर्र आवाज झाला. मी वळणार, तर मंगलनं टेबलाखालून पायावर पाय दिला आणि ओठ न हलवता म्हणाली, "बघू नको. बघितलं की थांबंल."

मग काय सांगू तुम्हाला, तिघी शिकल्यासवरल्या बायका भिंतीवरच्या टोपीकडं बघत बसलो. गोंडा लाल आहे. हो, लाल आहे. हलतोय. हलतोय बाई. कर्रर्र. परत कर्रर्र. बिभीषणभाऊ आले, म्हणाले, सगळं बरंय ना मॅडम, तर आम्ही तिघी एकदम शूऽऽ! तो बिचारा टोपी काढून छातीशी धरून उभा राहिला, त्याला वाटलं कुणी गेलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं… घेवडा गेला. चीज गेलं. कांदा गेला हो, कांदा! तव्यावरच्या भाज्या दीपमाला न बघता फुंकून फुंकून ताटात सरकवत होती आणि त्या जात होत्या. शेवटी ताटावर बोट फिरल्याचा आवाज आला, आणि ढेकर. स्पष्ट, मोठ्या माणसासारखा.

दीपमाला म्हणाली, नवस फिटला, आता जेव. म्हटलं, आजची तर पाळायलाच पाहिजे, चंद्र बघून सोडीन. आणि जेवू काय? ताटात लिंबाची फोड होती.

रिक्षात गिजू माझ्या मांडीवर, हनुवटीला चीज, डोळे मिटायला आलेले. माझ्या पोटात कावळे. परत सासूबाईंचा फोन, लेकरू काय जेवलं का.

जेवली आई, म्हटलं. पोटभर. स्वतःच्या हातानं.

पलीकडून नाक ओढल्यासारखं झालं. "बघ," त्या म्हणाल्या, "पावला का न्हाई."

पावला हो. नाही कसं म्हणू? सकाळी हात जोडून मी जे मागितलं, ते शब्दाला शब्द दिलं त्यानं. गरम जेवण, बसून. कुणाला द्यायचं, तेवढं सांगायचं माझं राहिलं.